पाव जिथून आला, त्या गावाला

पत्र : ताई, माझा धाकटा भाऊ दोन वर्षांपासून नोकरीसाठी लिस्बनला आहे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मी, नवरा आणि आईबाबा असे सहा दिवस त्याच्याकडे जायचं ठरलं, तिकिटंही काढली. आणि आता बाबा म्हणतात, ‘मी येत नाही.’ बाबा मूळचे डिचोलीचे. गोवा मुक्त झाला तेव्हा ते १२ वर्षांचे होते. त्यांच्या सख्ख्या काकांना पोर्तुगिजांनी आग्वादला डांबलं होतं. ते सुटून आले ते जन्मभर लंगडत चालले. बाबा म्हणतात, ‘त्यांच्या राजधानीत जाऊन मी त्यांचे वाडे बघू?’ आई पुण्याची, शाकाहारी (केकमधलं अंडं चालतं, आम्लेट चालत नाही), गुडघे दुखतात. भावाचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. नवऱ्याने २२ ठिकाणांची यादी एक्सेलमध्ये करून ठेवली आहे. बाबांना कसं तयार करू? आणि आलेच तर काय दाखवू, काय खायला घालू?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : बाबांना पटवायला जाऊच नका. ‘आता काळ बदललाय’, ‘जुनं किती दिवस उगाळायचं’ असलं काही तर अजिबात बोलू नका. ज्या माणसाने लहानपणी रोज अंगणात लंगडणारा काका पाहिला, त्याला हे सांगायचा हक्क तुम्हाला नाही, आणि मला तर नाहीच. त्यांना एवढंच सांगा, की लिस्बनमध्ये आल्जूब नावाची एक इमारत आहे.

शहरातल्या सगळ्यात जुन्या कॅथीड्रलला लागून, चढावर. नाव मूळचं अरबी, विहीर किंवा अंधारकोठडी अशा अर्थाचं. हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत इथे राजकीय कैदी ठेवत. गुप्त पोलीस माणसं पकडून आणत आणि जेमतेम मीटरभर रुंदीच्या कोठड्यांत कोंबत. २०१५ साली त्याचं संग्रहालय झालं. म्हणजे ज्या राजवटीने बाबांच्या काकांना आग्वादला ठेवलं, तीच राजवट त्याच वर्षांत स्वतःच्या देशातल्या शिक्षकांना, कामगारांना, विद्यार्थ्यांना इथे कोंडत होती. पोर्तुगीज लोकांनीच ते भिंतींवर लिहून ठेवलंय, स्वतःच्या मुलांना दाखवायला आणतात. मी गेले तेव्हा शाळेचा एक वर्ग आला होता. पोरं जिन्यात दंगा करत होती आणि कोठड्यांपाशी आली तशी आपोआप गप्प झाली.

दुसरी गोष्ट सांगा गोवा मुक्तिलढ्यातल्या मोहन रानड्यांची. बाबांना ते नाव माहीत असणारच. १९५५ मध्ये पकडले गेले, २६ वर्षांची शिक्षा झाली आणि लिस्बनजवळच्या काशियासच्या किल्ल्यात ठेवले गेले. गोवा १९६१ च्या डिसेंबरात सुटला, रानडे सुटले १९६९ च्या जानेवारीत. सात वर्षं! आपण इकडे मुक्तिदिन साजरा करत होतो आणि हा सांगलीचा माणूस तिकडे भिंतीआड. लिस्बनहून काश्काइशला जी लोकल जाते, ती काशियासला थांबते. किल्ल्यात जाता येत नाही, तिथे आजही तुरुंग आहे. पण ती लोकल नदीच्या काठाकाठाने जाते, उजेड फार सुरेख असतो आणि त्या स्टेशनवर दोन मिनिटं उतरून उभं राहायला तिकिटापलीकडे काही लागत नाही. बाबा ‘वाडे बघायला’ येत नसतील, तर त्यांनी हे बघायला यावं. तरी नको म्हणाले, तर नको. त्यांचं तिकीट गेलं तर गेलं, पण ‘तुमच्यामुळे पैसे बुडाले’ हे वाक्य घरात कोणी उच्चारू नये.

आता ते येतायत असं धरून चालते.

नवऱ्याच्या यादीचं आधी बघू. २२ ठिकाणं, सहा दिवस आणि दुखरे गुडघे हे गणित लिस्बनमध्ये जमत नाही. सात टेकड्यांचं शहर म्हणतात, चालताना त्या सतरा वाटतात. पदपथांवर चुनखडीचे हाताएवढे गुळगुळीत दगड बसवलेत, काळ्यापांढऱ्या नक्षीत. बघायला सुंदर, पण जरा ओल आली की साबण. आईंना नव्या कोऱ्या बुटांत आणू नका. ठाण्यातच महिनाभर चालून मुरवलेले, पकड असलेले बूट हवेत. आणि भावाच्या चौथ्या मजल्यावर आईबाबांना ठेवू नका, भावाला कितीही वाईट वाटो. बायशा भागात, म्हणजे नदी आणि रोसियू चौक यांच्या मधल्या सपाट भागात, दोन खोल्या घ्या. रात्री जेवून पाय ओढत चार मजले चढायचे म्हटलं तर तिसऱ्या दिवशी आई घराबाहेर पडणार नाहीत.

हा बायशा सपाट आणि सरळ रेघांचा का, तीही एक हकीकत आहे. १ नोव्हेंबर १७५५. सगळ्या संतांच्या सणाचा दिवस, सकाळची वेळ, चर्च माणसांनी भरलेली, मेणबत्त्या पेटलेल्या. भूकंप झाला. लोक मोकळी जागा म्हणून नदीकडे धावले, तर नदीतून लाट आली. उरलेलं शहर मेणबत्त्यांनी पेटलं आणि कितीतरी दिवस जळत राहिलं. नदीकाठचा राजवाडा गेला आणि भारताशी होणाऱ्या व्यापाराची कचेरी गेली, तिच्या कागदपत्रांसकट. मग राजाचा मंत्री पोंबालचा मार्क्विस याने गल्लीबोळ पुसून काटकोनात रस्ते आखले आणि घरांच्या भिंतींमध्ये लाकडाचे पिंजरे बसवायला लावले, म्हणजे पुढच्या धक्क्याला घर डोलेल पण कोसळणार नाही. पिंजरा टिकतो का हे बघायला शेजारून सैनिकांना पाय आपटत चालवलं, असं सांगतात. तुम्ही ज्या इमारतीत उतराल तिच्या भिंतीतही कदाचित तो पिंजरा असेल.

कार्मूचं चर्च मात्र मुद्दाम तसंच ठेवलंय, छप्पर नसलेलं. नुसत्या कमानी आणि वर आभाळ. तिथे जायला सांता जुश्ताच्या लोखंडी लिफ्टची रांग लावू नका. १९०२ ची ती लिफ्ट खालून बघायलाच जास्त छान दिसते आणि रांगेत तास जातो. बायशा-शियादू मेट्रो स्टेशनात शिरा, एकामागून एक सरकते जिने आहेत, त्यांनी वर शियादूला या, तिथून कार्मू थोड्या पावलांवर. चर्चपुढच्या चौकात बाबांना बाकावर बसवा. २५ एप्रिल १९७४ ला याच चौकात सैनिकांनी आणि लोकांनी वेढा घातला, आतल्या बराकीत लपलेल्या पंतप्रधानाने शरणागती दिली आणि लोकांनी बंदुकांच्या नळ्यांत लाल कार्नेशनची फुलं खोचली. सालाझारने उभी केलेली राजवट इथे संपली. त्याच वर्षाच्या शेवटी पोर्तुगालने करार करून गोवा भारताचा हे मान्य केलं. १९६१ पासून १३ वर्षं त्यांनी ते मानलंच नव्हतं. गोव्याच्या गोष्टीतलं शेवटचं पान या चौकातून उलटलं, असं मला तरी वाटतं.

टेकडीवरच्या सांव जोर्ज किल्ल्यावर जायचंच असेल तर तीही युक्ती सांगते. बायशातल्या फांकैरुश रस्त्यावरून एक फुकट लिफ्ट वरच्या रस्त्याला नेते, तिथून जरा पुढे एका सुपरमार्केटच्या इमारतीत दुसरी. उरलेला चढ थोडा आहे. नाहीतर फिगैरा चौकातून ७३७ नंबरची बस. २८ नंबरची पिवळी ट्राम प्रसिद्ध आहे, पण दिवसा तिच्यात विरारच्या लोकलसारखी गर्दी असते आणि खिसेकापूही तितकेच तरबेज. माझी पर्स तिथेच गेली, मी खिडकीतून ‘अय्या, किती अरुंद गल्ली’ करत असताना. सकाळी आठच्या आत, प्राझेरेशच्या टोकाला चढलात तर बसायला जागा मिळेल.

नदीकाठच्या बेलें भागाला एक पूर्ण सकाळ द्या. सोमवारी नको, मठ बंद असतो. जेरोनिमुश मठ उभा राहिला तो बराचसा मिरीवर. पूर्वेकडून येणाऱ्या मसाल्यांच्या व्यापारावरचा पाच टक्के कर राजा मानुएलने त्याच्या बांधकामाला लावला होता. खांबांवर दगडात दोरखंड, पोवळी, जहाजांची अवजारं कोरलीत. आत शिरल्या शिरल्या वास्को द गामाची कबर आहे. तो मेला कोचीत, १५२४ च्या नाताळाच्या आदल्या दिवशी. त्याच्या समोर कवी कामोंइश. बाबा तिथे थांबणार नाहीत, ठीक आहे. त्यांना पुढे वेदीपाशी न्या. राजाराण्यांच्या शवपेट्या तिथे दगडी हत्तींच्या पाठीवर ठेवल्यात. पोर्तुगालच्या राजाला शेवटी उचलून धरायला आपला हत्तीच लागला. हे वाक्य बाबांसमोर टाकून बघा.

नदीतल्या बेलें बुरुजाच्या एका कोपऱ्याखाली गेंड्याचं झिजलेलं डोकं आहे. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला एक गेंडा भेट दिला. त्याने तो गोव्याहून जहाजात चढवून राजाकडे पाठवला आणि १५१५ च्या मे महिन्यात तो लिस्बनला उतरला. रोमन काळानंतर युरोपात जिवंत गेंडा आला तो हाच. लोक त्याला ‘गांदा’ म्हणत, आपल्याच ‘गेंडा’वरून. राजाने तो पुढे पोपला पाठवला आणि बिचारा इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाजासकट बुडाला. या बुरुजाचं आणि मठाचं दुरुस्तीचं काम मधूनमधून चालू असतं. काय उघडं आहे ते भावाला आदल्या दिवशी बघायला सांगा. नदीकाठी दर्यावर्दींचं जे प्रचंड दगडी स्मारक आहे, ५२ मीटरचं, ते १९६० सालचं. सालाझारच्या वेळचंच. त्याच्या पुढच्याच वर्षी डिसेंबरात गोवा गेला. वर चढू नका, खालून बघा आणि बाबांना साल सांगा.

आता जेवण. इथे मला जास्त बोलायचंय.

बाबांना बाजारात न्या, म्हणजे त्यांना कळेल की आपण परक्या मुलखात आलेलो नाही. बटाट्याला तिथे बटाटाच म्हणतात. कोबीची ‘कोव’, पावाचा ‘पांव’, अननसाचं ‘अननाश’. खोलीची ‘शाव’ मागा, चावी मिळेल. बादलीला ‘बाल्द’. हापूस हा कुणा आफोंसोचा, हे तर डिचोलीच्या माणसाला मी सांगायला नको. आपला तुरुंगसुद्धा त्यांच्याच ‘ट्रोंकु’वरून आला, असं भाषेचे अभ्यासक सांगतात. आणि तुम्ही ठाण्याच्या म्हणून : तुमचं सेंट्रल जेल मुळात पोर्तुगीज किल्लाच आहे.

बाबा मासेखाऊ असणार. त्यांना बाकल्याव द्या. हा खारवून वाळवलेला कॉड मासा. गंमत अशी की पोर्तुगालच्या समुद्रात तो सापडतच नाही, शतकानुशतकं नॉर्वे, न्यूफाउंडलंडहून येतो. दुकानात लाकडी फळकुटांसारखा रचून ठेवलेला असतो आणि दारातच वास येतो, अगदी म्हापशाच्या बाजारात सुक्या मासळीच्या ओळीत शिरल्यासारखा. आईंना बाहेर उभं करा. पहिल्यांदा खाताना ‘आ ब्राश’ पद्धतीचा मागवा. बाकल्यावचा चुरा, काडीसारखे तळलेले बटाटे, कांदा, अंडं आणि वर काळे ऑलिव्ह. दिसायला भुर्जी, पण बाबा ताट पुसून खातील. छोट्या खानावळीला ‘ताश्का’ म्हणतात. दुपारी तिथे ‘प्रातु दु दिया’, म्हणजे आजचं ताट, स्वस्त मिळतं. एकेक ताट दोघांना पुरेल एवढं असतं, म्हणून ‘मेया दोझ’, अर्धं, मागायला लाजू नका. बसल्या बसल्या न मागता पाव, ऑलिव्ह, चीज समोर येतं. ते फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता परत पाठवा, कोणी रागावत नाही.

आईंचं जरा अवघड आहे, पण उपाशी राहायची वेळ येणार नाही. पहिला धोका : ‘मांस नको’ म्हटलं की मासा येतो. मी एकदा ‘सें कार्न’ म्हणून सॅलड मागवलं, वर ट्यूनाचा डोंगर. म्हणून दोन्ही म्हणायचं : ‘सें कार्न, सें पेइश.’ दुसरा धोका काल्दु व्हेर्द. बटाट्याच्या दाट सारात बारीक चिरलेली हिरवी पानं असतात, पाहून आपल्या आळूची आठवण येते, पण तळाशी डुकराच्या सॉसेजची चकती बसलेली असते. ती काढून टाकली तरी चव उतरलेलीच असते. त्याऐवजी साधं भाज्यांचं सूप, ‘सोपा द लेगूमश’, बहुतेक ताश्कांत असतं. तेही विचारून.

आणि आईंसाठी एक खास पदार्थ आहे, पेइशिन्युश दा ओर्ता. अर्थ ‘परसातले छोटे मासे’, पण मासा नावापुरता. कोवळ्या फरसबीच्या शेंगा पिठात बुडवून तळलेल्या, म्हणजे भजीच. उपासाच्या दिवशी मांसाला पर्याय म्हणून निघालेला पदार्थ. पोर्तुगिजांबरोबर हे तंत्र जपानला गेलं आणि तिथे त्याचा टेंपुरा झाला. पिठात अंडं असतं. केकच्या नियमाखाली बसवता येतं का, ते आईंनी ठरवावं. मी त्यांच्या जागी असते तर विचारलंच नसतं.

चीज मात्र निर्धास्त खाऊ द्या, निदान दोन : आझैतांव आणि सेरा द एश्त्रेला. मेंढीच्या दुधाचं, मऊ, चमच्याने खायचं. जनावराच्या जठरातल्या रेनेटने न विरजता ते एका काटेरी झुडपाच्या जांभळ्या फुलाने विरजतात. जूनमध्ये चेरीही येतात, गडद लाल. पाव, चीज, चेरी, संध्याकाळी नदीकाठची पायरी. आईंचं एक जेवण झालं. भाताची आठवण आलीच तर मार्तिं मुनीश चौकाच्या मागच्या गल्ल्यांत बांगलादेशी, नेपाळी, भारतीय वाण्यांची दुकानं आहेत, कढीपत्त्यापर्यंत सगळं मिळतं. शहरात राधाकृष्णाचं मंदिरही आहे, मोझांबिकहून आलेल्या गुजराती लोकांनी उभारलेलं, तिथे शाकाहारी जेवण मिळतं. पण सहा दिवसांत दोनदा तिथे जाऊ नका. त्यासाठी लिस्बनपर्यंत कशाला यायचं?

पश्तेल द नाता, म्हणजे अंड्याच्या कस्टर्डची छोटी टार्टं, तर खाणारच तुम्ही. मठातल्या लोकांचे झगे खळीत घालायला अंड्याचा पांढरा बलक लागे, पिवळा उरे, आणि त्यातून अंड्याच्या पिवळ्या बलकाची ही सगळी गोडं जन्मली, असं सांगतात. १८३४ मध्ये मठ बंद झाले आणि १८३७ पासून बेलेंच्या त्या एका दुकानात मठाच्या कृतीने ती विकली जातात. बाहेरची रांग घरी न्यायला पुडा घेणाऱ्यांची असते. आत शिरून टेबल पकडा, निळ्या टाइल्सच्या खोल्यांमागून खोल्या आहेत. गरमच खायची, वरून दालचिनी भुरभुरून. गार झाली की निम्मी मजा गेली.

रोसियूजवळच्या सांव दुमिंगुश चौकात १८४० पासूनचं एक भिंतीतलं दुकान आहे, जिंजिन्या विकतं. आंबट चेरीची गोडसर दारू, इवल्याशा पेल्यात, उभ्याने. बाबांनी एक घ्यावी. समोर चर्च आहे. १९५९ च्या आगीत जळलं आणि खांब तसेच करपलेले ठेवलेत, आत जा. बाहेर एक दगडी स्मारक आहे : १५०६ मध्ये याच चर्चपासून सुरू झालेल्या दंगलीत धर्म बदलायला लावलेल्या ज्यूंची कत्तल झाली. शेजारच्या रोसियूवर आज जिथे राष्ट्रीय नाट्यगृह आहे, तिथे इन्क्विझिशनचा, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचा, वाडा होता. गोव्याच्या इन्क्विझिशनवरचे अधिकारी याच शहरात बसत. ‘त्यांचे वाडे’ म्हणतात ना बाबा? या वाड्याची जागा त्यांनी जरूर बघावी.

तुम्ही जूनच्या दुसऱ्या आठवड्यात जाताय, म्हणजे १२ तारखेची रात्र गाठणार. सांत आंतोनची. गोव्यात १३ जूनला ज्याचं फेस्त करतात तोच हा संत, जन्माने लिस्बनचा. आल्फामाच्या गल्ल्यांत दारोदार शेगड्या मांडून बांगडे भाजावेत तशी सार्डिनं भाजतात, पावाच्या तुकड्यावर ठेवून देतात, तेल पावात उतरतं. धूर, गाणी, माणसं. रात्री नऊनंतर तिथल्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा आईबाबांना सहाला न्या, आठला परत आणा, मग तुम्ही दोघं आणि भाऊ पुन्हा जा. त्या दिवसांत सगळीकडे मांजेरिकूच्या कुंड्या विकतात. बारीक पानांची गोल झुडपं, तुळशीच्या कुळातली, वर कागदाचं फूल आणि प्रेमाच्या चार ओळी. तिला नाक लावून हुंगायचं नाही, कोमेजते म्हणतात. तळहात फिरवायचा आणि हात हुंगायचा. आईंना हे कोणी शिकवावं लागणार नाही.

फादू ऐकायचं असेल तर एकच रात्र, छोट्या जागी, आणि गाणं चालू असताना काटाचमचाही वाजवायचा नाही. बाबा मांडो ऐकत वाढले असतील तर सूर ओळखीचा वाटेल. सिंत्राला, म्हणजे जवळच्या डोंगरातल्या राजवाड्यांच्या गावाला, आईबाबांना नेऊ नका, चढ आणि रांगा दोन्ही वाईट. तुम्ही नवराबायको रोसियूहून पहिल्या गाडीने जा आणि दुपारी परत या. यादीतली एवढी तरी ओळ नवऱ्याची राहू द्या.

‘ओब्रिगादु’ पुरुष म्हणतो, ‘ओब्रिगादा’ बाई, आपल्या ‘आलो’, ‘आले’सारखं. बाबा आभार मानणार नसतील तर मानू नयेत, पाव तर त्यांनी तसाही आयुष्यभर खाल्लाय.

आणि आईबाबांची खोली ठरवताना ‘लिफ्ट आहे’ यावर विसंबू नका. भावाला स्वतः जाऊन बघायला सांगा. तिथल्या जुन्या इमारतींत लिफ्ट असते, पण ती पहिला जिना चढून गेल्यावर सुरू होते.